सातबाऱ्यावर नसलेली खाडी

प्रस्तावित प्रकल्पाच्या सामाजिक परिणाम मूल्यांकनासाठी आज रायगड जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावात कोळी महिलांशी गटचर्चा केली. घरोघरच्या सर्वेक्षणात त्यांच्यापैकी बहुतेकींच्या नावापुढे ‘गृहिणी’ अशी नोंद आहे; प्रत्यक्षात त्या ओहोटीला चिखलात उतरून कालवे आणि तिसऱ्या असे शिंपले गोळा करतात, आणि कोणत्या तिथीला पाणी किती उतरणार यावर त्यांचा बाजाराचा दिवस ठरतो. गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढायला सांगितल्यावर त्यांनी घरांच्या आधी खाडीतल्या जागा दाखवल्या. (पुरुषांची बैठक वेगळी घेतली, हे बरे झाले, तिथे सगळा वेळ नोकऱ्यांवरच गेला.)

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार संपादनापूर्वी तीन वर्षे ज्यांची मुख्य उपजीविका पाण्यावर अवलंबून आहे, अशी मच्छीमार कुटुंबेही ‘बाधित कुटुंब’ ठरतात, त्यासाठी जमिनीची मालकी लागत नाही. मात्र कागदावरची ‘गृहिणी’ ही नोंद नेमकी त्यांच्याच दाव्याच्या आड येऊ शकते, म्हणून माझ्या मते अशा मुलाखती आणि नकाशे अहवालाच्या परिशिष्टात न ढकलता उपजीविकेच्या मुख्य प्रकरणातच, आकडेवारीच्या शेजारी, यायला हवेत.