१२, २४, ३६, ४८: रंगीत कोस्टरची रोजनिशी

सोमवार

कोस्टर म्हणजे क्रोशातला अगदी किरकोळ जिन्नस, पण त्यात लबाडी खपत नाही. शालीतली चुकलेली ओळ घडीत लपते. कोस्टरवर पेला ठेवला की तो डुगडुगतो आणि चूक चव्हाट्यावर येते. म्हणून आज रंगांचा विचार नाही, फक्त आकडे.

खांब म्हणजे क्रोशातला उंच टाका. खांबांचं वर्तुळ विणायचं तर पहिल्या फेरीत १२ खांब, मग २४, ३६, ४८. दर फेरीला १२ वाढतात. हा आकडा कुणी मनाने ठरवलेला नाही. एक फेरी विणली की वर्तुळाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीएवढी वाढते आणि परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो, म्हणजे वाढलेल्या परिघावर साडेबाराच्या आसपास खांब मावतात. मुका खांब (खांबाहून बुटका टाका) जवळजवळ चौरस, म्हणून त्याच्या वर्तुळात दर फेरीला ६ वाढतात. अर्धा खांब दोघांच्या मधला, त्याला ८ किंवा १०.

आकडे बरोबर असूनही वर्तुळ बिघडतं ते हातामुळे. सुई टाक्यात घालून दोरा बाहेर काढला की तो पहिला लूप आपण किती वर ओढतो, यावर खांबाची उंची ठरते. जास्त ओढला तर खांब उंच होतो, तेवढ्या परिघाला १२ टाके पुरत नाहीत आणि कड आत वळून वाटी होते. कमी ओढला तर खांब बुटके राहतात, टाके जास्त होतात आणि कडेला झालर पडते. सुई बदलून यात फारसा फरक पडत नाही, कारण उंची आणि रुंदी दोन्ही सोबतच बदलतात. लूपची ओढ सुधारायची, नाहीतर दर फेरीला १३ किंवा ११ ची वाढ धरायची.

मंगळवार

सामान: मध्यम जाडीचा सुती दोरा (गुंड्यावर ‘८ प्लाय’ किंवा ‘डीके’ लिहिलेला), ३.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, कात्री. एका कोस्टरला सगळे रंग मिळून १०-१२ ग्रॅम दोरा लागतो, म्हणजे उरलेले गुंडे संपवायला हे काम उत्तम. फक्त सगळे दोरे एकाच जाडीचे हवेत. एक फेरी जरी जाड दोऱ्याची झाली तरी तिथे कड उचलली जाते.

अॅक्रिलिक नको. रंग कितीही मोहक असले तरी गरम भांड्याखाली ते मऊ पडतं, जास्त तापलं तर वितळतं, आणि थंड पेल्यावरून ओघळणारं पाणीही नीट शोषत नाही. सुती दोऱ्यात मर्सराइज्ड आणि साधा असे दोन प्रकार मिळतात. १८४४ मध्ये इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केली, त्यांच्याच नावावरून हा शब्द आला. १८९० मध्ये होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केली, तेव्हा त्याला आजची चकाकी मिळाली. मर्सराइज्ड दोऱ्यावर रंग खुलतो आणि टाका रेखीव दिसतो. पण तो निसरडा असतो, त्याची शेपटं, म्हणजे कापलेल्या दोऱ्याची सुटी टोकं, हळूच बाहेर येतात. नवख्या हाताला साधा सुती दोराच बरा.

रंग निवडताना गुंडे शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून पाहायचा. दोन रंग त्यात सारखेच राखाडी दिसले, तर त्या दोन फेऱ्या लांबून एकच वाटणार. मधोमध पांढरा किंवा पिवळा घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण चहा-कॉफीचा डाग तिथेच पडतो. मध्ये गडद, बाहेर फिका, हे मला जास्त पटतं.

गडद लाल, गडद निळा किंवा काळा असेल तर विणण्याआधी वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवायचा. फडक्याला रंग लागला तर तो दोरा कोस्टरला नको. व्हिनेगरमध्ये भिजवून सुताचा रंग पक्का होत नाही. आम्लाची ती युक्ती लोकर आणि रेशमाच्या रंगांची आहे.

बुधवार

आज सुरुवात. मॅजिक रिंग (शेपूट ओढून आवळता येणारं दोऱ्याचं कडं) करायची, ३ साखळ्या, म्हणजे लूपमधून लूप काढत केलेले टाके (हा पहिला खांब), मग रिंगमध्येच ११ खांब, आणि तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच (फेरी जोडायचा, उंची नसलेला टाका). एकूण १२. शेपूट ओढून भोक बंद करायचं. सुती दोरा लोकरीसारखा स्वतःला चिकटून राहत नाही, त्यामुळे नुसतं ओढून भागत नाही, धुताना भोक पुन्हा उघडतं. ते शेपूट बोथट सुईत ओवून खांबांच्या बुडातून दोन वेढे फिरवायचं.

दुसरी फेरी, नवा रंग: प्रत्येक टाक्यात दोन खांब, २४. तिसरी: एकात एक, पुढच्यात दोन, ३६. चौथी: एक, एक, दोन, ४८. इथवर कोस्टर साडेनऊ-दहा सेंटीमीटर व्यासाचा होतो, नेहमीच्या पेल्याच्या बुडाला पुरून उरतो.

दर फेरीला रंग बदलणार असू तर सुरुवातीच्या तीन साखळ्या टाळता येतात. त्या खऱ्या खांबापेक्षा बारीक असतात आणि शेजारी फट पडते. त्याऐवजी नव्या दोऱ्याची सरकगाठ सुईवर घ्यायची, एक वेढा द्यायचा आणि टाक्यात सुई घालून सरळ खांब विणायचा. फेरी संपवतानाही स्लिप स्टिच नको. १५ सेंटीमीटर दोरा ठेवून कापायचा, शेवटचा लूप ओढून दोरा पूर्ण बाहेर काढायचा, बोथट सुईत ओवायचा. पहिला खांब सोडून दुसऱ्या खांबाच्या डोक्यावरच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई काढायची आणि जिथून दोरा निघाला त्या शेवटच्या खांबाच्या मधोमध परत घालायची. यातून तयार होणारा खोटा टाका पहिल्या खांबाच्या डोक्यावर बसतो. तो वेगळा मोजायचा नाही.

प्रत्येक फेरी नव्या जागेवरून सुरू करायची. सगळ्या जोडण्या एकावर एक आल्या की वर्तुळात शिवण दिसते. वाढीचे टाकेही एका रेषेत आले तर गोल कोस्टर कोनांचा दिसू लागतो.

परदेशी नमुना समोर असेल तर आधी तो कुठला ते बघायचं. अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे मुका खांब. शब्द तोच, आणि वर्तुळाचा पार विचका.

गुरुवार

कडेच्या पाकळ्या. एका टाक्यात मुका खांब, दोन टाके सोडून पुढच्या टाक्यात ५ खांब, दोन सोडून पुढच्यात पुन्हा मुका खांब. एका पाकळीला ६ टाके लागतात, ४८ मध्ये बरोबर ८ बसतात. मागे कुठे ४७ किंवा ४९ झाले असतील तर शेवटच्या पाकळीपाशी बिंग फुटतं. तीन साखळ्या आणि स्लिप स्टिचने फेऱ्या जोडल्या असतील तर बहुतेक वेळा स्लिप स्टिचलाच टाका समजून त्यात एक जादा खांब पडलेला असतो. एकाचाच फरक असेल तर एकदा दोनऐवजी एक किंवा तीन टाके सोडून निभावतं, कुणाला कळत नाही. दोनच्या वर फरक असेल तर चौथी फेरी उसवायची.

उरलं सगळ्यात कंटाळवाणं काम. पाच रंग म्हणजे दहा शेपटं. गाठी मारायच्या नाहीत, गाठीवर पेला डुगडुगतो. प्रत्येक शेपूट मागच्या बाजूने त्याच रंगाच्या खांबांतून चार-पाच सेंटीमीटर न्यायचं, एक टाका सोडून उलट दिशेने परत, मग तिसऱ्यांदा पुढे. जाताना सुई दोऱ्याच्या पदरांमधून घालायची, म्हणजे पकड बसते. हे काम फेरीगणिक उरकलेलं बरं, शेवटी दहा शेपटं बघून उत्साह मावळतो.

शुक्रवार

कोस्टर साध्या पाण्यात भिजवून, पिळण्याऐवजी टॉवेलात दाबून, जाड फोमवर पसरायचा. आधी समोरासमोरच्या दोन पाकळ्यांना टाचण्या, मग त्यांच्या काटकोनातल्या दोन, मग उरलेल्या चार. क्रमाने एका बाजूने टोचत गेलं तर गोल लंबुळका होतो. किंचित वाटी किंवा हलकी लाट यात सपाट होते. मोठी झालर होत नाही, ती आकड्यांची चूक असते आणि पुढच्या धुण्यानंतर परत येते.

खळ घालू नये. भिंतीवर लावायच्या नक्षीला ती शोभते, पण थंड पेल्याच्या ओलीने चिकट होते आणि पेला उचलला की कोस्टरही सोबत येतो. टाचण्या न गंजणाऱ्याच हव्यात. पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, त्या काढायच्या नाहीत.