तुम्ही विचारलंत म्हणून: बशीतली ती माती

साध्यासुध्या माणसांच्या कथा मी बरीच वर्षं लोकांना वाचून दाखवतेय, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, "ताई, ही प्रतीकं वगैरे लेखकाच्या डोक्यात खरंच असतात का, की तुम्हीच ओढूनताणून काढता?" परवा परत विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मला वाटतं, वस्तू आधी त्या माणसाच्या रोजच्या जगण्यातली असायला हवी. ती तिथली नसेल तर कितीही अर्थ लावा, चिकटत नाही.

आयरिश लेखक जेम्स जॉईसची 'क्ले' ही कथा घ्या, 'डब्लिनर्स' या १९१४ सालच्या संग्रहातल्या १५ कथांपैकी एक. मारिया, बुटकीशी, वय झालेली, लग्न न केलेली बाई, डब्लिनमधल्या एका लाँड्रीच्या स्वयंपाकघरात कामाला, आणि हॅलोविनच्या संध्याकाळी सुट्टी मिळालीय म्हणून ती जोकडे निघालीय, ज्याला तिने लहानपणी सांभाळलेलं. ट्रामचं भाडं जाऊन तिच्याजवळ ५ शिलिंग उरणार. त्यातून ती २ शिलिंग ४ पेन्सचा प्लमकेक घेते. तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे ६० पेन्सपैकी २८ एकट्या केकवर, जवळजवळ निम्मे! दुकानातली मुलगी वैतागून विचारते, लग्नाचा केक हवाय का, आणि मारिया लाजून लाल. पुढे ट्राममध्ये एक मिशीवाले गृहस्थ सरकून जागा देतात, गोड बोलतात, त्या गोंधळात केक तिथेच राहतो. जोच्या घरी लक्षात येतं तेव्हा ती रडायचीच बाकी असते.

यात लग्न आहे, एकटेपण आहे, सगळं आहे. पण तिला रडू येतं ते आणलेली गंमत फसली आणि २ शिलिंग ४ पेन्स फुकट गेले म्हणून. माझी एक आत्या आयुष्यभर एकटी राहिली, आमच्याकडे येताना पेढ्यांचा पुडा आणायचीच, दोरा सोडताना आमच्या तोंडांकडे बघत बसायची, आणि कुणी "कशाला आणलंस गं" म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. आम्ही दर वेळी म्हणायचो.

मग हॅलोविनचा तो भविष्य बघायचा खेळ येतो, डोळ्यांवर पट्टी आणि समोर बश्या. अंगठी लागली तर लग्न, प्रार्थनेचं पुस्तक लागलं तर कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचा मठ, आणि माती लागली तर मरण. मारियाच्या बोटांना काहीतरी मऊ, ओलं लागतं. कुणीच काही बोलत नाही. मग कुजबुज, बागेबद्दल काहीतरी, जोची बायको शेजारच्या मुलीवर चिडते, फेकून दे म्हणते, आणि दुसऱ्या खेपेला मारियाच्या हाती पुस्तक येतं. 'क्ले', म्हणजे माती, हा शब्द फक्त शीर्षकात आहे, आत कुठेच नाही. म्हणजे लेखकाच्या मनात होतंच ना, शीर्षक त्यानेच दिलंय! पण ती माती परसातल्या बागेतली, आगाऊ पोरींनी बशीत ठेवलेली, हेही तितकंच खरं.

कुणी मारियाला चेटकीण म्हणतं, कुणी मदर मेरी, कुणी थेट आयर्लंड देश. मला नाही पटत, कारण यातलं काहीही मानलं की तिचे ते २८ पेन्स नाहीसे होतात, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागतात.

शेवटी मारिया गाणं म्हणते आणि दुसऱ्या कडव्याऐवजी, ज्यात लग्नाची मागणी घालणारे येतात, पहिलंच परत म्हणते. कुणी चूक दाखवत नाही. जोचे डोळे इतके भरतात की हवी ती वस्तू सापडेना, आणि तो बायकोला विचारतो, बाटलीचं बूच काढायचा कॉर्कस्क्रू कुठाय. तुमच्यातल्याच एकांनी मला विचारलं होतं, हा कॉर्कस्क्रू कशाचं प्रतीक? मी म्हटलं, डोळ्यांत पाणी आलंय म्हणून त्याला तो दिसत नाहीये, आधी एवढं बघा.