डिंकासाठी बांधलेलं गाव

आजचं पान मेस्ताचं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर किऑस हे ग्रीक बेट आहे. त्याच्या दक्षिण भागात, मुख्य शहरापासून साधारण ३५ किलोमीटरवर हे गाव. बंदर जेमतेम चार किलोमीटरवर, तरी समुद्रावरून गाव नजरेस पडत नाही. चाच्यांच्या भीतीनं जागाच तशी खोलगट निवडलेली.

गावाला वेगळा तट नाही. कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडून पंचकोनी तट झालाय आणि कोपऱ्यांवर बुरूज. या भिंतींना बाहेरून दार-खिडकी नसायची. आज ज्या खिडक्या दिसतात त्या बहुतेक नंतर फोडलेल्या. वेशी मोजक्या, रात्री बंद. आतल्या अरुंद गल्ल्यांवर जागोजागी कमानी आहेत. फोटोत त्या शोभेच्या वाटतात, पण समोरासमोरच्या भिंतींना त्या एकमेकींचा आधार देतात, आणि भूकंपाच्या मुलखात हे महत्त्वाचं. तळमजल्यावर जनावरं आणि साठवण, माणसं वर. छपरं सपाट आणि जवळपास एका उंचीची, म्हणजे वेस पडलीच तर छपरांवरून मधल्या बुरुजापर्यंत पळता यावं. तो बुरूज आता नाही. तिथे एकोणिसाव्या शतकातलं ताक्सियार्हिसचं, म्हणजे मुख्य देवदूताच्या नावाचं, मोठं चर्च उभं आहे.

एवढा बंदोबस्त कशासाठी, तर मस्तकीसाठी, म्हणजे इथल्या एका झाडाच्या डिंकासाठी. आपल्याकडे युनानी औषधांत रुमी मस्तगी म्हणतात ती हीच. १३४६ मध्ये इटलीतल्या जिनोआच्या लोकांनी बेट घेतलं आणि या डिंकाचा मक्ता आपल्या व्यापारी कंपनीकडे ठेवला. चोरलेल्या मालाच्या वजनाप्रमाणे शिक्षा चढत जाई, कान-नाक कापण्यापासून थेट फाशीपर्यंत. त्यामुळे हा तट गावकऱ्यांच्या रक्षणासाठी जितका, तितकाच मालावर पहारा ठेवण्यासाठीही असावा, असं मला वाटतं.

झाड दोन-तीन मीटरचं, झुडपासारखं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुंध्याभोवतालची जमीन झाडून, चोपून सपाट करतात आणि तिच्यावर चाळलेली पांढरी चुनखडीची माती पसरतात. हे टाळलं तर ठिबकलेल्या डिंकात कचरा बसतो आणि तो पुढे काढता काढता जीव जातो. जुलैच्या मध्यापासून टोकदार हत्यारानं खोडाला नि जाड फांद्यांना बारीक खाचा देतात, प्रत्येक एक-दीड सेंटिमीटर लांब, खोली चार-पाच मिलिमीटर. खाच याहून खोल गेली तर लाकूड दुखावतं, झाड पुढे कमी देतं. सगळ्या खाचा एकदम नाहीत, आठवड्यातून एक-दोनदा, थोड्या थोड्या. डिंक घट्ट व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. वेचणी सकाळी लवकर, कारण ऊन चढलं की तो पुन्हा चिकट होतो. मध्येच पाऊस आला तर माल खराब. एवढं करून एका झाडामागे वर्षाला हाती येतो दीडशे-दोनशे ग्रॅम, कधी त्याहूनही कमी.

खरं किचकट काम हिवाळ्यातलं. माल चाळायचा, गार पाण्यात साबणानं धुवायचा, पसरून वाळवायचा, मग बारीक सुरीच्या टोकानं एकेक दाणा खरवडायचा. हे घरोघरी बायका करतात, चार-चौघी एकत्र बसून. २०१४ साली युनेस्कोनं या लागवडीच्या ज्ञानाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या सुरीच्या कामाला त्यात निम्मा मान द्यायला हवा!

१५६६ मध्ये उस्मानी सत्ता आली. करापोटी डिंक द्यायचा, बदल्यात सवलती मिळवायच्या, असा व्यवहार बसला. १८२२ मध्ये उस्मानी सैन्यानं केलेल्या कत्तलीत बेट उद्ध्वस्त झालं तेव्हा मस्तकीची गावं बरीचशी वाचली, त्यामागे हाच हिशोब. १९१२ मध्ये ग्रीक सैन्यानं बेट घेतलं. १९३८ मध्ये उत्पादकांचा संघ निघाला, तेव्हापासून विक्री त्याच्यामार्फत होते.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण किऑसला वणवा लागला आणि मस्तकीच्या बागाही जळाल्या. फांदी लावून नवं झाड करता येतं, पण खाच देण्याजोगं व्हायला त्याला पाच-सहा वर्षं लागतात, आणि भरात यायला पंधराएक.