तात्याचं हृदय आणि दोघांचा कायदा

स्वित्झर्लंडमध्ये एकटा गिनी पिग पाळणं बेकायदा आहे, असा मजकूर तुमच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेला असेलच, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून. मजकूर खरा आहे. (गिनी पिग म्हणजे उंदरांच्या गटातला, किलोभराचा पाळीव प्राणी.) मी इथेच राहते, आणि आमच्या तात्या नावाच्या गिनी पिगचं हृदयाचं दुखणं या नियमामुळेच कसं लक्षात आलं, ते पुढे सांगते. इथला प्राणिसंरक्षण अध्यादेश 1 सप्टेंबर 2008 पासून लागू झाला आणि तेव्हापासून कळपाने राहणाऱ्या प्राण्यांना आपल्याच जातीची सोबत देणं बंधनकारक आहे. गिनी पिग कमीत कमी दोन. पोपट, उंदीर यांनाही तोच न्याय. उंदरासारखा दिसणारा हॅमस्टर तेवढा सुटला, कारण तो मुळातच एकलकोंडा. सशाची सोबत गिनी पिगला चालत नाही, हेही आम्हाला इथे ऐकवण्यात आलं.

या नियमाचा मला मनापासून राग येत असे. घरी येऊन कोणी मोजदाद करत नाही, पण त्याची गरजही पडत नाही. लेकीच्या वर्गातली मुलं विचारतात, खालच्या मजल्यावरच्या आजी विचारतात, पार्सल घेऊन येणारा माणूस पिंजऱ्याकडे बघून विचारतो, ‘दुसरा कुठे आहे?’ आवाजात जराही खोच नाही, आणि त्यामुळेच ते जास्त लागतं. एक पाळायची तयारी करून गेलेल्या माणसाला दुप्पट जागा, दुप्पट गवत, दुप्पट साफसफाई गळ्यात पडते. वर, दोघांतला एक गेला की उरलेल्याला पुन्हा जोडीदार हवा, म्हणजे हे चक्र थांबायचं कधी? त्यावरही इथे तोडगा आहे. म्हातारपणी एकट्या पडलेल्या गिनी पिगला सोबत म्हणून दुसरा गिनी पिग उसना मिळतो. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘अगं, माणसांना मिळते का अशी सोबत तिकडे?’

आईचा प्रश्न चोख होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी बाहेरच्यासमोर मी इथली बाजू घेते आणि इथल्यांसमोर आपली. 1 एप्रिल 2003 पासून इथल्या दिवाणी कायद्यात लिहिलंय की प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत. हे कोणी अभिमानाने सांगितलं की मी हळूच आठवण करून देते, की मार्च 2010 मध्ये प्राण्यांसाठी प्रत्येक कँटनमध्ये, म्हणजे इथल्या प्रांतात, सरकारी वकील नेमावा का, यावर तुम्हीच मतदान केलंत आणि सुमारे सत्तर टक्क्यांनी नको म्हणालात. आणि मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, हेही सांगून टाकते. त्याचा इथल्या वादाशी काय संबंध, असं नवरा विचारतो. संबंध नाही. पण सांगायला बरं वाटतं.

तर आमच्याकडे कायद्याप्रमाणे दोघं आहेत. तात्या आणि कमळी. तात्याची नसबंदी झालेली आहे, त्यामुळे संसार सुखाचा. तात्या पाचाच्या घरात आला आणि गेल्या हिवाळ्यात त्याचं काहीतरी बिनसलं, ते लक्षात आलं कमळीमुळे. फ्रिजचं दार वाजलं की दोघं शिट्ट्या मारत जाळीशी धावत यायची. मग कमळी एकटीच यायला लागली. तात्या डोकं वर करून बघायचा, दोन पावलं टाकायचा आणि बसायचा. सिमला मिरचीचा तुकडा तोंडाशी नेला तर खायचा. तो एकटा असता तर वय झालं म्हणून मी सोडून दिलं असतं, याची मला खात्री आहे. शेजारी तेवढ्याच वयाची कमळी बागडत होती म्हणून फरक दिसला.

गिनी पिग हे सगळ्यांचं भक्ष्य असलेलं जनावर. आजारी दिसलं की मेलं, हे त्याच्या रक्तात आहे, म्हणून ते शेवटपर्यंत दुखणं लपवतं. कुत्र्याचं हृदय बिघडलं की तो खोकायला लागतो, निदान शंका तरी येते. गिनी पिग सहसा खोकत नाही. त्याचं फक्त सगळं थोडं थोडं कमी होतं. धावणं कमी, गवत ओढणं कमी, वजन कमी. अंगावरचे केस पिंजारलेले, कान हाताला गार. तात्या झोपताना हनुवटी लाकडी घराच्या कडेवर टेकवून मान लांब करून झोपायला लागला होता. लेकीला ते गोड वाटलं, तिने फोटोही काढला. छातीत पाणी साचू लागलं की आडवं पडून श्वास पुरत नाही, म्हणून तो मान उंच ठेवत होता. काही जण झोपेत ‘हू, हू’ असा घुमा, पक्ष्यासारखा आवाजही काढतात. तो आवाज नाकातल्या अडथळ्याचाही असू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून हृदयाचं नाव घेता येत नाही. पण ऐकू आला तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. दवाखान्यात तो आवाज कधीच निघत नाही.

दोघांची सोय आहे तशी एक गैरसोयही आहे. कोणी किती खाल्लं ते कळत नाही. वाटी रिकामी होते आणि आपण खूश. त्यावर उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. आठवड्यातून एकदा दोघांना वाडग्यात बसवून वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. किलोभराच्या आतबाहेरच्या जिवाचं पन्नास-शंभर ग्रॅम वजन उतरणं म्हणजे काय, ते आपल्या वजनाशी ताडून बघा. तात्याचा आकडा घसरत होता आणि कमळीचा जागच्या जागी होता.

दवाखान्यात दोघांनाही घेऊन या, असं फोनवरच सांगितलं. आजारी नसलेल्या कमळीला कशाला, असं मी विचारलं. सोबत असली की त्याची धडधड कमी होते, असं उत्तर आलं. ज्याचं हृदयच आजारी असण्याची शंका आहे त्याच्यासाठी भीती हीच मोठी जोखीम. माझा नियमावरचा राग इथे थोडा पातळ झाला. पूर्ण गेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तात्याला आधी हातच लावला नाही. ऑक्सिजन सोडलेल्या पारदर्शक पेटीत दोघांना ठेवलं आणि बाहेरून नुसत्या बघत बसल्या. बरगड्यांच्या मागे कुशी किती वेळा आत-बाहेर होते ते मोजत होत्या. निरोगी गिनी पिग शांत असताना मिनिटाला साधारण चाळीस ते शंभर श्वास घेतो, एवढा मोठा पल्ला. म्हणून पुस्तकातल्या आकड्यापेक्षा आपल्या जनावराचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. तो झोपलेला असताना पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे. हे मला त्यांनी तिथेच करायला लावलं, आणि मी मोजलेलं आणि त्यांनी मोजलेलं जुळेपर्यंत सोडलं नाही. एवढा वेळ मला माझ्या स्वतःच्या रक्तदाबासाठी कोणी दिलेला आठवत नाही. हे मी कौतुकाने लिहितेय की तक्रारीने, माझं मलाच ठरवता येत नाही.

श्वास जड आहे म्हणजे हृदयच, असं नसतं. गिनी पिगला न्यूमोनिया पटकन होतो. बोर्डेटेला नावाचा जिवाणू तर कुत्रे-ससे स्वतः ठणठणीत राहून त्यांना देऊ शकतात. वजन उतरण्यामागे वाढलेल्या दाढा असू शकतात, थायरॉइड असू शकतं. स्टेथोस्कोपने ऐकायचं म्हटलं तर मिनिटाला अडीचशे-तीनशे ठोके. त्यात कुरकुर, म्हणजे ठोक्यांमधला जास्तीचा आवाज, ऐकू येणं कौशल्याचं काम, आणि ऐकू आली नाही म्हणजे हृदय ठीक, असंही नाही. म्हणून एक्स-रे आणि मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तात्याच्या छातीवरचे केस चौकोनी कापले, खालची गुलाबी कातडी दिसायला लागली, त्यावर जेल. भूल दिली नाही. मदतनीस मुलीने टॉवेलवर त्याला धरलं, पण पाठीवर उताणं केलं नाही, कारण तसं केलं तर श्वास आणखी अडतो. पडद्यावर करड्या रंगात काहीतरी फडफडत होतं. स्नायू ताणून पातळ झालाय, पुरेसा जोर लागत नाही, म्हणून फुप्फुसात पाणी साठतंय, असं त्यांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. काहींच्या झडपा बिघडतात, काहींच्या हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचतं, काहींचा स्नायू उलट जाड होतो. औषध त्याप्रमाणे बदलतं. एकाचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही ते यासाठी.

तात्याला फ्युरोसेमाइड सुरू झालं, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं, आणि सोबत हृदयाला जोर देणारं पिमोबेन्डान. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारं बेनाझेप्रिलही जोडता येतं, असं त्या म्हणाल्या. ही औषधं मुळात गिनी पिगसाठी तयार झालेली नाहीत. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ती गिनी पिगला देतात, तसं स्पष्ट सांगतात आणि आपली संमती घेतात. तो बरा होणार नाही, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. औषधांवर काही महिने चांगले जातात, कधी त्याहून जास्त. लेक सोबत होती. तिला बाहेर पाठवावं का, असं त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून तिच्या उंचीला आल्या आणि तेच पुन्हा तिला सांगितलं.

घरी आल्यावरची गंमत कोणी सांगत नाही. फ्युरोसेमाइड चालू असलेलं जनावर सारखं पाणी पितं आणि सारखं मुततं. पाणी तोडायचं नाही, अजिबात नाही. त्यामुळे अंथरूण बदलत राहायचं, नाहीतर ओल्यात बसून तळपायांना जखमा होतात. सिरिंज समोरून खुपसायची नाही. पुढच्या दातांमागच्या पोकळीत बाजूने घालून थोडं थोडं सोडायचं, तो गिळतोय ना ते बघत. जेवण थांबलं तर हृदयापेक्षा आधी पोट दगा देतं, कारण यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. म्हणून न खाणाऱ्याला पातळ खाद्य सिरिंजने भरवायचं. माणसासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, तेही रोज पोटात जायला हवं. आणि तोंड उघडं टाकून श्वास घेताना दिसला, ओठ किंवा पाय निळसर दिसले, तर सकाळची वाट बघायची नाही. गिनी पिग नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. तोंड उघडलं म्हणजे त्याचं सगळं संपत आलंय.

एक गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते, कारण आपल्याकडे औषधं सहज मिळतात आणि आपल्याला त्याचा थोडा गर्वही आहे. मलाही आहे, साध्या मलमासाठी इथे अपॉइंटमेंटची वाट बघताना तर फारच. पण घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन गिनी पिगला तोंडाने देऊ नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं आणि क्लिंडामायसिन यांनी त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि तो त्यानेच जातो. धाप दिसली की अँटिबायोटिक, हा आपला हात इथे आखडता घ्यावा.

खर्च किती आला ते मी इथे लिहिणार नाही. आईलाही सांगितलेला नाही. फ्रँकचे रुपये केले की कोणाचीही धाप वाढेल. आमच्या नात्यातल्या एका काकांनी ‘तेवढ्यात नवे वीस आले असते’ असा हिशेब मांडला. हिशेबात चूक नाही. पण लेकीने आणलेल्या जिवाची जबाबदारी महागात पडली म्हणून सोडायची, हे मी तिला कोणत्या भाषेत समजावलं असतं? आणि दुसरं असं, की आपल्याकडे बाराव्या वर्षी आंधळ्या झालेल्या कुत्र्याला हाताने भरवणारी माणसं मी पाहिलीत. त्यांना कायदा माहीत नव्हता. हे मी इथल्या मैत्रिणीला सांगते तेव्हा ती म्हणते, ‘छान, पण ज्याच्याकडे तशी माणसं नाहीत त्या कुत्र्याचं काय?’ मग मी विषय बदलते.

तात्या सध्या बरा आहे. वजन पुन्हा थोडं भरलंय, शिट्टी परत आलीय, मूत्रपिंडावर औषधांचा ताण पडतोय का ते बघायला रक्त तपासायचंय. उन्हाळ्याची मात्र धास्ती आहे. इथल्या घरांत एसी नसतो, आणि गिनी पिगला उकाडा तसाही सोसत नाही. आजारी हृदयाचा तर प्रश्नच नाही. पिंजरा उत्तरेच्या खोलीत हलवलाय. खालच्या आजी सिरिंज भरायला शिकल्या आहेत, न विचारता आल्या आणि वहीत वेळा लिहून घेऊन गेल्या. त्यामुळे या वेळी आम्ही घरी येतोय, पण दोनच आठवडे, कारण त्याहून जास्त मी त्यांच्यावर टाकू शकत नाही. लग्नाला थांबत नाही म्हणून मावशी रागावल्या आहेत. मावशी, तुम्ही हे वाचत असाल तर कारण हे आहे, आणि कृपा करून काकांना दाखवू नका.