अण्णांच्या महाधमनीतलं कॅल्शियम

मृग तोंडावर आला होता आणि अण्णांना बांधावर चालतानाच दम लागायला लागला. आई म्हणाली, "उन्हानं व्हायलंय." अंबडच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहून थेट संभाजीनगरला पाठवलं. अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्यांत ब्लॉकेज निघाले. अण्णा 67 वर्षांचे, वीस वर्षांची शुगर, आणि तंबाखू मिसरूड फुटायच्या आधीपासूनची.

पहिल्या दवाखान्यात म्हणाले, "परवाच बायपास करून टाकू, सहीचं बघा." आम्ही सही करणारच होतो. मावसभावानं अडवलं, "एकदा दुसऱ्या सर्जनला दाखव." त्याचे ते उपकार मी विसरणार नाही.

या दुसऱ्या सर्जननी अँजिओग्राफीची सीडी नंतर पाहिली, आधी छातीचा साधा एक्स-रे उजेडावर धरला. हृदयाच्या वर, महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या वळणावर, विळ्याच्या पात्यासारखी एक बारीक पांढरी कोर दिसत होती. "हे कॅल्शियम. ब्लॉकेजपेक्षा मला याची काळजी जास्त वाटते."

आई लगेच म्हणाली, "चुन्यानंच झालं हो! जन्मभर तंबाखूत चुना मळला यांनी." डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. खाल्लेला चुना तिथं जाऊन बसत नाही. शुगर, बीपी, तंबाखूनं वाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, तिथं चरबी साचते आणि वर्षानुवर्षं शरीरच त्या जागी कॅल्शियम धरत जातं. दोष तंबाखूचा, चुन्याचा नाही. आमच्या गावात अजूनही लोक तंबाखू चालू ठेवून कॅल्शियमच्या भीतीनं दूध बंद करतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

मग त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं. नेहमीच्या बायपासमध्ये महाधमनीला चिमटा लावावा लागतो, पायातली शीर तिथंच शिवतात. धमनी कॅल्शियमनं कडक झालेली असली की त्या चिमट्यानं कपचे सुटतात, रक्ताबरोबर मेंदूत जातात, आणि ऑपरेशन टेबलावरच पेशंटला स्ट्रोक येऊ शकतो. हृदय वाचतं, पण वाचा किंवा एक बाजू जाते. मी त्या चित्राकडं बघत बसलो. परवाची तारीख ठरली होती आमची.

दुसरी गोष्ट मानेची. हृदयाच्या वाहिन्या अशा झाल्यात म्हणजे मेंदूकडं जाणाऱ्या वाहिन्या चांगल्या असतील असं धरून चालायचं नाही, असं ते म्हणाले. कधी दोन-चार मिनिटं बोबडी वळली होती का, हातातलं भांडं सुटलं होतं का, एका डोळ्यापुढं अंधारी आली होती का, हे त्यांनी अण्णांना खोदून खोदून विचारलं. तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

पुढचे आठ-नऊ दिवस तपासण्यांत गेले. छातीचा सीटी झाला, त्यात महाधमनीवर जागोजागी पांढरे ठिपके. मानेतल्या वाहिन्यांची सोनोग्राफी, म्हणजे डॉपलर झाला, डाव्या बाजूला 60 टक्के अडथळा. त्रास काही झालेला नव्हता, म्हणून तिथं हात न लावता गोळ्यांवर ठेवायचं ठरलं. जनआरोग्य योजनेचे कागद आरोग्यमित्रानं लावून दिले, रेशन कार्डावरच्या नावातल्या चुकीनं एक दिवस गेला तेवढाच. भाऊबंद फोनवर ओरडत होते, "एवढा उशीर का लावायलेत?" मला मात्र ते दिवस लागले याचं समाधान आहे.

याच काळात मीही माझा कॅल्शियम स्कोअर काढला, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांत किती कॅल्शियम साचलंय त्याचा आकडा. सुई नाही, औषध नाही, काही मिनिटांचा सीटी. शून्य आला तर उत्तम, 100 च्या वर काळजीचं, 400 च्या वर जास्तच. माझा 64 आला, वय 42. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि बजावलं, की या गोळीनं स्कोअर उतरत नाही, उलट थोडा वाढलेलाही दिसतो, म्हणून सोडायची नाही. चरबीचा मऊ थर घट्ट होतो, फुटायची भीती कमी होते.

अण्णांचं ऑपरेशन धडधडत्या हृदयावर झालं. पायातल्या शिरेऐवजी छातीच्या आतल्या दोन्ही धमन्या वापरल्या, महाधमनीला चिमटा लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आयसीयूत सोडलं. नळी काढलेली, ओठ कोरडे. मी म्हणलं, "अण्णा, दोन्ही हात वर करा." केले, सारखेच वर गेले. "हसा बरं." ते हसले नाहीत, माझ्याकडं बघून घोगऱ्या पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "पाऊस झाला का रे? सरकी लावली का?"