बागमांडला ते रत्नागिरी: साफ केलेला कार्ब्युरेटर आणि तीन खाड्या

बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढताना मोटरसायकल तिसऱ्यांदा बंद पडली. मागे टेम्पो, पुढे बोटीचा लोखंडी उतार, आणि ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन दोन आचके देऊन गप्प. शेवटी मामेभावानं आपली गाडी बोटीत लावली, परत आला आणि दोघांनी मिळून माझी ढकलत आत नेली.

गाडी २०११ सालची, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांवर कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, पण माझ्यासारख्या जुन्या गाड्या सांभाळणारे अजून पुष्कळ आहेत. हा वृत्तांत मुख्यतः त्यांच्यासाठी. पावसाळाभर गाडी पुण्यात पार्किंगमध्ये उभी होती. दिवाळीनंतर निघायचं ठरलं म्हणून आदल्या रविवारी मी स्वतः कार्ब्युरेटर उतरवला, क्लीनरचा स्प्रे मारला, पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून घेतली आणि परत बसवला. साफ करण्याआधी गाडीची एकच तक्रार होती, सकाळी सुरू व्हायला वेळ घ्यायची. साफ केल्यावर ती सुरू पटकन व्हायला लागली, पण आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून नुसती चालू ठेवली की, टिकेना आणि चढाला दम सोडू लागली. रस्त्यावर चालली की मोकळी होईल, असं म्हणून मी तशीच ताम्हिणीत घातली. हे करू नका. घराभोवती वीस किलोमीटर चालवून, एखादा चढ चढून मगच निघा.

सागरी रस्त्याची एक रीत आहे. खाडीपासून चढ, वर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळ, मग उतार, आणि खाली पुन्हा खाडी किंवा पुळण. बाणकोटच्या खाडीपासून जयगडच्या खाडीपर्यंत हेच चालू राहतं. कार्ब्युरेटरचं दुखणं ओळखायला याच्यासारखा रस्ता नाही, कारण त्याचे वेगवेगळे भाग ॲक्सिलरेटरच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करतात. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी. आयडलिंगपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत, म्हणजे ॲक्सिलरेटर पाव पिळेपर्यंत, पायलट जेटचं राज्य. पावपासून पाऊणपर्यंत सुई. त्याच्या वर मेन जेट. बोटीच्या रांगेत गाडी बंद पडते तेव्हा पायलटचा रस्ता तपासायचा, सड्यावर एका वेगात जाताना हिसके देते तेव्हा सुई, आणि घाटात पूर्ण पिळल्यावर मरते तेव्हा मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा.

वेसवीला उतरून चढाला लागलो आणि दुसरं दुखणं उघडं पडलं. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत गाडी बरी, त्यापुढे कितीही पिळा, आवाज बदलतो पण ओढ नाही. केळशीला पोचेपर्यंत अंधारलं. तिथल्या घरगुती खानावळीत जेवण उत्तम झालं, माझं लक्ष मात्र ताटात नव्हतं.

सकाळी एक साधी परीक्षा केली. इंजिन गरम झाल्यावर चोक, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खिट्टी, अर्धा ओढला, तर गाडी आयडलिंगला शांत टिकली. चोक ओढल्यावर सुधारते याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त आहे. आणखी बिघडली असती तर पेट्रोल जास्त असतं. हवा जास्त असण्याची साफसफाईनंतरची मुख्य कारणं दोन: पायलट जेट अजून तुंबलेला असतो, किंवा कुठून तरी चोरून हवा शिरत असते. चोरटी हवा शोधायला पाण्याची फवारणी बाटली पुरते. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या हेडच्या मधल्या रबरावर बारीक फवारा मारायचा. आवाज बदलला तर तिथे फट आहे. हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करणारे मी पाहिले आहेत. गरम इंजिनावर पेट्रोल उडवणं म्हणजे आगीला बोलावणं, पाण्यानं तेच कळतं. माझं रबर शाबूत निघालं, क्लॅम्पही घट्ट होता.

आंजर्ल्याच्या पुलावरून हर्णैला गेलो. बंदराच्या वाटेवर एका जुन्या मेस्त्रींचं छोटं दुकान दिसलं. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "कधीपासून असा करते?"

"साफ केल्यापासून, काका."

"मग साफ करताना काय काय खोललात ते सांगा आधी. जिथे हात लागला नाही तिथे मी बघणार नाय."

त्या एका वाक्यासाठी मी हा सगळा प्रवास लिहायला घेतला. मी कॉइल, प्लग, व्हॉल्व्ह, टाकीतलं पेट्रोल, सगळ्यावर संशय घेऊन बसलो होतो. चार दिवसांपूर्वी जे दुखत नव्हतं ते आज दुखतंय आणि मधे फक्त कार्ब्युरेटर खोलला गेलाय, तर आधी तिथेच बघायला हवं होतं.

काकांनी वरचं झाकण काढलं. माझा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवाला आहे. ॲक्सिलरेटरची केबल फक्त मागची फुलपाखरू झडप फिरवते. सुई धरणारा पिस्टन वर उचलला जातो तो इंजिन हवा शोषतं त्या ओढीनं, एका पातळ रबरी पडद्याच्या जोरावर. त्या पडद्याची कड एका जागी खाचेतून निसटून झाकणाखाली चिमटली होती. म्हणजे ओढ गळत होती, पिस्टन पुरता वर जात नव्हता, आणि मी चढावर नुसती झडप उघडत होतो. कड निसटली कारण मी पडदा न काढताच स्प्रे मारला होता. त्या द्रावकानं रबर फुगतं आणि खाचेत मावत नाही. काकांनी पडदा काढून कागदावर सावलीत ठेवला. "दोन तासांनी या. आपोआप आवळतो."

ते दोन तास आम्ही बंदरावर काढले. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, जाळी विणणारे लोक. मासळीचा लिलाव बघायचा असेल तर संध्याकाळ गाठा. तिथेच एका दुकानातून काकांनी सांगितलेली बारीकातली बारीक तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, घेतली. ती पायलट जेटसाठी होती.

पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. माझ्या जेटमधून उजेड दिसत होता, म्हणून मी तो साफ समजलो होतो. काकांनी दाखवलं की उजेड अर्ध्याच वर्तुळातून येतोय. उभ्या गाडीत पेट्रोल आटतं आणि त्याचा चिकट पापुद्रा आत बसतो, तो नुसत्या हवेनं निघत नाही. लोक तिथे लोखंडी तार घालतात. जेट पितळेचा असतो, तारेनं भोक रुंदावतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. नायलॉनची तंगूस पितळेला ओरखडा काढत नाही. काकांनी जेट क्लीनरमध्ये भिजवला, तंगूस दोनदा आरपार ओढली, मग पुन्हा उजेडाकडे धरला. या वेळी पूर्ण गोल दिसला.

तिसरी गोष्ट माझ्या मनातही आली नसती. आयडलिंगच्या वेळचं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिश्रणाचा स्क्रू काढल्यावर त्याच्यावर स्प्रिंग होती, वॉशर होता, पण टोकाची इवलीशी ओ-रिंग नव्हती. ती बहुतेक वेळा स्क्रूबरोबर बाहेर न येता आत चिकटून राहते, आणि कॉम्प्रेसरची हवा मारली की उडून जाते. माझी पुण्यात त्या पंक्चरच्या दुकानात उडाली असणार. तिच्या जागेतून हवा शिरत होती. रबराच्या जोडावर पाणी मारून मला काही कळलं नाही त्याचं कारण हेच. काकांच्या पत्र्याच्या डब्यात मापाची रिंग सापडली. क्रम लक्षात ठेवा: आधी स्प्रिंग, मग वॉशर, शेवटी टोकाकडे ओ-रिंग.

पडदा तोवर आवळला होता. बसवताना त्यांनी खालून बोटानं पिस्टन किंचित वर धरला, त्यामुळे कड ताण न येता खाचेत बसली. झाकण लावल्यावर पिस्टन उचलून सोडला, तो दमादमानं खाली आला. धप्पकन पडला असता तर पडदा अजून गळतोय असं समजायचं.

सेटिंग गरम इंजिनावरच करायचं. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हातानं शेवटपर्यंत आत, जोर लावला तर टोक मोडतं, मग दोन फेरे बाहेर. तिथून पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यात वेगानं फिरतं ती जागा शोधायची आणि शेवटी आयडलिंगच्या स्क्रूनं आरपीएम १४०० च्या आसपास आणायचे. एक खबरदारी: मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यानं पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. आपला कुठला आहे ते आधी बघा, नाहीतर तास वाया जाईल.

इथेनॉलचाही थोडा हात आहे, असं माझं मत आहे. पेट्रोल जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, जुन्या काळच्या पेट्रोलसाठी लावलेला कार्ब्युरेटर आधीच थोडा हवेकडे झुकतो. त्यात छोटी फट पडली की गाडी लगेच बोलते. शिवाय इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर तळाच्या स्क्रूतून बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोल साठणारी वाटी, रिकामा करून ठेवा.

दाभोळच्या बोटीत चढताना रांगेत दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, मुद्दाम, नुसतं ऐकायला. धोपाव्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये गेली.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी हेदवीच्या वाटेवर गाडी पुन्हा मेली. पाच मिनिटांनी सुरू झाली, काही किलोमीटरवर पुन्हा मेली. मी स्क्रूड्रायव्हर काढलाच होता. मामेभाऊ म्हणाला, "काल काका काय म्हणाले? आज हात कुठे लागला?" सकाळी दवामुळे टाकीवरच्या बॅगेला मी पावसाळी कव्हर घालून घट्ट आवळलं होतं. त्यानं टाकीच्या झाकणावरचं श्वासाचं भोक बंद झालं होतं, त्यामुळे पेट्रोल खाली उतरत नव्हतं. झाकण उघडताच आत हवा सूं करून शिरली. कव्हर काढलं, रत्नागिरीपर्यंत तक्रार नाही.

मागून येणाऱ्यांनी पेट्रोल श्रीवर्धन, दापोली आणि गुहागरला भरून घ्यावं, मधल्या गावांच्या भरवशावर राहू नये. बोटींच्या शेवटच्या फेरीची वेळ आदल्या मुक्कामी विचारावी, चुकली तर वळसा फार मोठा पडतो. सीटखाली मी आता एवढं ठेवतो: मिश्रणाच्या स्क्रूच्या दोन ओ-रिंगा, बाऊलचं गॅस्केट, प्लगचा पाना, आखूड दांड्याचा स्क्रूड्रायव्हर आणि तंगुशीचं रीळ.

तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरीत पोचल्यावर गार इंजिनाचा प्लग काढून पाहिला. हर्णैला तो पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत असल्याची खूण, होता, आता भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा तांबूस. सेटिंग समुद्राकाठी केलेलं असल्यानं वर पुण्यात, साडेपाचशे मीटरवरच्या विरळ हवेत, ते किंचित पेट्रोलकडे झुकणार होतं. घरी आल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घेतला आणि कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडलं नाही.