सगळ्यात चांगला स्कोअर आलेल्या काकू

मी इंदूरला पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत आहे, म्हणजे खुर्चीवर बसवून दात काढणं-भरणं कमी आणि घरोघरी जाऊन लोक दातांसाठी काय करतात, का करतात, कशाने बदलतील हे बघणं जास्त. सर्व्हेचं पायलट, म्हणजे मोठ्या सर्व्हेआधीची छोटी चाचणी, चालू होतं, राजेंद्रनगरच्या बाजूची मराठी घरं माझ्याकडे होती, आणि त्या दिवशी एका काकूंचा फॉर्म भरला त्यांना आख्ख्या पायलटमध्ये सगळ्यात जास्त मार्क पडले.

दिवसातून किती वेळा दात घासता? चार वेळा. जेवल्यावर? हो, दोन्ही वेळेला. झोपायच्या आधी? त्याशिवाय झोपच लागत नाही म्हणाल्या. कशाने, तर मंजन. तंबाखू? छे छे, कधीच नाही.

मग टॉर्च लावून तोंड बघितलं तर खालच्या ओठाच्या आत हिरडीला लागून पांढरा चट्टा, गॉजने पुसला तरी जात नाही असा, आणि पुढच्या दातांच्या हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडलेली. म्हटलं काकू तुमचं मंजन दाखवता का जरा, तर आतून स्टीलची डबी आली आणि डबीत काळीकुट्ट पूड. मिश्री!

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी, तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, कुटून बारीक करायचा आणि बोटाने दातांना-हिरड्यांना चोळायचा. काकू मूळच्या जळगावकडच्या, लग्न होऊन इथे आल्या, आता लोकांकडे स्वयंपाकाला जातात, आणि मिश्री अजून माहेरहून बहीण पाठवते. दातांच्या पेस्ट-पावडरमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण ती कंपन्यांना, घरातल्या तव्यापर्यंत ती कशी पोचणार.

माझ्याकडे फोटोंचा फ्लिपचार्ट होता, तोंडाच्या कॅन्सरचे मोठे मोठे फोटो. काकूंनी नीट बघितले, हळहळल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे शेजारच्या भाऊंना दाखव, ते गुटखा खातात. मी कुठे तंबाखू खाते, मी तर दात घासते." मला तिथे एकदम थांबायला झालं. कारण ही बाई खोटं बोलत नव्हती, तिच्या हिशोबात ती दातांची काळजी घेत होती, आणि तो फोटो तिचा नव्हताच. २०१६-१७ च्या गॅट्स, म्हणजे मोठ्यांच्या तंबाखूच्या सवयींवरच्या सर्व्हेत देशातले २१.४ टक्के प्रौढ लोक बिनधुराचा तंबाखू वापरतात असं आलं, आणि त्यात मिश्री, गुल, गुडाखू अशा दातांना लावायच्या तंबाखूबद्दल नाव घेऊन विचारतात ते उगाच नाही.

घाबरवण्याबद्दलचा एक जुना, गाजलेला प्रयोग आमच्याच विषयातला आहे. १९५३ साली जॅनिस आणि फेशबॅक या दोघांनी अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना दातांवर तीन तऱ्हेची लेक्चर्स दिली, एक खूप भीतीदायक, एक मधलं, एक साधं, आणि आठवड्याने बघितलं तर सवयीतला निव्वळ फरक (सुधारलेले वजा बिघडलेले) साध्या लेक्चरवाल्यांत ३६ टक्के आणि भीतीवाल्यांत फक्त ८. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की भीती चालते, पण समोरच्याला हे मला जमेल असं वाटत असेल तर. आणि काकूंना तर हे आपल्याबद्दल आहे असंच वाटत नव्हतं, जमणं न जमणं लांबच राहिलं.

मी फ्लिपचार्ट बंद केला आणि एकेका वेळेचं विचारत गेले, सकाळची का, नाही लावली तर काय होतं. त्यातून जे निघालं ते फॉर्ममध्ये कुठेच बसणारं नव्हतं. सकाळची नाही लावली तर पोट साफ होत नाही. दुपारची आणि संध्याकाळची म्हणजे जेवण झाल्यावर ओट्यावर दहा मिनिटं एकटं बसायला मिळतं, हातात डबी असली की कोणी उठवत नाही. आणि रात्रीची? "दाढ ठणकते ना बेटा, दाबून ठेवली की सुन्न होते आणि झोप लागते." म्हणजे चारातली एक तर किडलेल्या दाढेवरचं औषध होतं, त्याला समुपदेशन नको, दाढेचा इलाज हवा, आणि तो तर आमचंच काम! कितीतरी वेळा आपण माणसाला मोटिव्हेशन देत बसतो आणि ज्या दुखण्यासाठी तो ते करतोय ते तसंच ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

काकूंना दुसऱ्याच दिवशी आमच्या डेंटल कॉलेजला बोलावलं. दाढ वाचण्यासारखी नव्हती, काढली. चट्ट्याची बायोप्सी केली, कॅन्सर निघाला नाही, पण लक्ष ठेवावं लागणार, आणि मिश्री सुटली तर असे चट्टे बऱ्याचदा कमी होतात हे मी त्यांना आरशात चट्टा दाखवून सांगितलं. रात्रीची मिश्री त्यांनी आपली आपणच बंद केली, कोणी म्हणायच्या आधी. दुपारची सोडायची त्यांनीच निवडली, ओट्यावर बसायचं तसंच ठेवून हातात बडीशेप घ्यायची. पहिले काही दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, ते निकोटिन सुटल्यामुळे होतं हे आधीच सांगून ठेवलेलं त्यामुळे घाबरल्या नाहीत.

आमच्या फॉर्मात आता किती वेळा घासता हा प्रश्न मागे गेलाय, पहिला प्रश्न दातांना-हिरड्यांना काय काय लावता, आणि जे लावता ते बघायला मागायचं. सरांनी तो तसाच मेन सर्व्हेत घेतला.

सकाळची अजून सुटलेली नाही. संध्याकाळची कधी असते कधी नसते. बहिणीला फोन करून डबा पाठवू नको म्हणायचं, तेही राहिलंय, फोनवर सांगितलं तर तिला वाईट वाटेल, दिवाळीला जाईन तेव्हा समोर बसून बोलेन म्हणतात, कारण बहीणपण तीच लावते.